अंडे पडण्यापूर्वीच



चैत्र शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रातील घरोघरी गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधली जाते आणि कोवळी पाने, गूळ, जिरे, ओवा यांचे मिश्रण प्रसाद म्हणून हातावर ठेवले जाते. वर्षाचा आरंभ कडू चवीने करणारा हा समाज त्याच झाडाचा वाळलेला पाला पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या कणगीत आणि डब्यात घालत आला. बियाण्याच्या कडधान्याला कोणी राख चोळी, कोणी तेलाचा हात लावी. हे करणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला कारण विचारले, तर तिचे उत्तर ठरलेले असे : ‘पाला घातला की कीड लागत नाही.’ कीड ‘मरते’ असे ती म्हणत नसे. ‘लागत नाही’ असे म्हणत असे.

या दोन शब्दांमधील अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मारणे वेगळे आणि लागू न देणे वेगळे. गेली सत्तर-ऐंशी वर्षे शेतीतील कीडनियंत्रणाचा मुख्य विचार मारण्याचा राहिला. परंतु वनस्पतींनी स्वतःच्या रक्षणासाठी जी रसायने घडविली आहेत, त्यांतील पुष्कळशी किडीला मारीत नाहीत. ती किडीच्या मादीला एवढेच सांगतात, की येथे अंडी घालू नकोस.

नुकसानीचा आरंभ कोठे होतो?

हरभऱ्यावरील घाटेअळी सर्वांच्या परिचयाची आहे. हीच अळी कपाशीवर बोंडअळी म्हणून, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणून आणि तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाते. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. तिचा पतंग रात्री उडतो. एक मादी आपल्या अल्प आयुष्यात शेकड्यांनी, अनुकूल परिस्थितीत हजारावर अंडी घालते. तीही एका ठिकाणी नव्हे, तर एकेक करून पानांवर, कळ्यांवर, फुलांवर. उन्हाळी हवेत तीन ते पाच दिवसांत अंडे फुटते. इवलीशी अळी काही काळ वरवर खाते आणि मग घाट्यात, बोंडात किंवा फळात शिरते. एकदा ती आत शिरली, की बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

शेतकऱ्याला कीड दिसते ती बहुधा या टप्प्यावर. मग तो अधिक तीव्र औषध, अधिक वेळा आणि पुष्कळदा दोन-तीन औषधे एकत्र करून फवारतो. या धडपडीची किंमत किती भयंकर असू शकते, हे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ज्या घरांतील कर्ता माणूस पाठीवरचा पंप उतरवून घरी आला आणि पुन्हा उठला नाही, त्या घरांना कीडनियंत्रणाचा प्रश्न हा केवळ शास्त्राचा प्रश्न वाटणार नाही.

त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि एकट्या कडुनिंबाने ती टळली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु जेथे आरंभीच काही करता येते, तेथे अखेरच्या टप्प्यावर विष ओतण्याची वेळ कमी वेळा येते, हे निर्विवाद आहे. आणि किडीच्या बाबतीत आरंभ म्हणजे अंडे.

मादीची पारख

अळीला पाय असले तरी तिची झेप फार नसते. ज्या झाडावर ती जन्मते, बहुधा त्याच झाडावर तिला वाढावे लागते. म्हणून तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्या जन्मापूर्वीच तिची माता घेते. हा निर्णय ती डोळ्यांनी अंशतः, पण मुख्यतः वासाने आणि चवीने घेते. दूर असताना तिच्या मिशांवरील सूक्ष्म केस हवेतील गंध टिपतात. पानावर उतरल्यावर तिचे पाय चव घेतात, कारण कीटकांच्या पायांवर चवीची इंद्रिये असतात. पुष्कळ जातींमध्ये अंडी घालण्याच्या अवयवावरही अशी इंद्रिये असतात. गंध, स्पर्श आणि चव या तिन्ही परीक्षांत झाड उत्तीर्ण झाले, तरच अंडे पडते.

कोबीवरील पांढरे फुलपाखरू पानावर उतरल्यावर पुढच्या पायांनी पानावर टकटक करताना दिसते. ती एक परीक्षाच असते. कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये असतात. मोहरीचा झणझणीतपणा त्यांच्यापासूनच येतो. हा झणझणीतपणा बहुतेक किडींना दूर ठेवतो. परंतु या फुलपाखराने तो पचविण्याची युक्ती साधली आहे आणि आता तोच त्याला ‘हेच आपले घर’ अशी खूण पटवितो. या अळ्या मोहरीतील द्रव्यांमुळेच अन्न ओळखतात, हे डच वनस्पतिशास्त्रज्ञ फर्शाफेल्ट यांनी १९१० मध्येच दाखविले होते.

गंमत पुढेच आहे. मोहरीच्याच कुळातील एरिसिमम नावाच्या एका वनस्पतीवर हेच फुलपाखरू उतरते, टकटक करते आणि अंडे न घालता उडून जाते. त्या पानात ग्लुकोसिनोलेट असतात, पण त्यांच्या जोडीला कार्डिनोलाइड नावाची विषारी द्रव्येही असतात. ही द्रव्ये आपल्याकडील रुई आणि कण्हेर यांच्यातील विषांची भावंडे आहेत. एकच पान ‘ये’ म्हणते आणि ‘येऊ नकोस’ असेही म्हणते. मादी दुसऱ्या शब्दाला अधिक मान देते. वनस्पती मुकी नाही, ती रसायनांच्या भाषेत बोलते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

कडुनिंबाची साक्ष

या भाषेतील सर्वांत समर्थ वक्ता म्हणजे आपल्या दारातला कडुनिंब. १९४२ मध्ये सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी त्याच्या तेलातून निंबिनसारखी कडू द्रव्ये वेगळी केली. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असता, सर्व हिरवळ फस्त झाली तरी कडुनिंबाची झाडे हिरवीच राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे अगदी विरळ द्रावण पिकांवर फवारले. टोळ आले, पिकावर बसले, परंतु त्यांनी ते पीक खाल्ले नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमधील बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी या गुणाचे मुख्य द्रव्य वेगळे केले. तेच अझाडिरॅक्टिन. त्याची घडण इतकी गुंतागुंतीची निघाली, की प्रयोगशाळेत ते संपूर्णपणे घडविण्यास केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला सुमारे बावीस वर्षे लागली. ते काम २००७ मध्ये पूर्ण झाले. जे रसायन आपल्या अंगणातील झाड दर उन्हाळ्यात सहज घडविते, त्यापुढे आधुनिक रसायनशास्त्राला दोन तपे उभे राहावे लागले.

येथे एक गोष्ट नेमकेपणाने समजून घ्यावयास हवी. अझाडिरॅक्टिनचे मुख्य कार्य दोन प्रकारचे आहे : किडीला खाण्यापासून परावृत्त करणे आणि अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवून तिची वाढ रोखणे. मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करण्याचे काम मात्र एकट्या या द्रव्याचे नाही. निंबोळीचे तेल, त्यातील उग्र गंध आणि इतर अनेक कडू घटक मिळून ते काम करतात. म्हणूनच पुष्कळदा शुद्ध द्रव्यापेक्षा निंबोळीचा साधा अर्क मादीला अधिक नकोसा वाटतो.

कडधान्यातील भुंगेऱ्याच्या बाबतीत हे घरीही पाहता येते. मूग, चवळी, हरभरा यांच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात, ती मादीने चिकटवलेली अंडी असतात. दाण्याला तेलाचा पातळ थर दिला, की मादी त्यावर अंडी कमी घालते आणि घातलेली अंडीही पुष्कळशी गुदमरून मरतात. किलोला पाच मिलिलिटरच्या आसपास तेल एवढे प्रमाण यासाठी पुरते. खाण्याच्या धान्याला खाद्यतेल आणि बियाण्याला कडुनिंबाचे तेल, असा विवेक अर्थातच ठेवावा लागतो.

अभिमान आणि पुरावा

कडुनिंबाचे नाव निघाले की पेटंटची आठवण निघतेच. १९९४ मध्ये म्युनिक येथील युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. भारताच्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्याला आव्हान दिले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

हा विजय सर्वांना आठवतो. तो कसा मिळाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ एवढ्या विधानावर तो मिळाला नव्हता. २००० च्या सुनावणीत महत्त्वाची ठरली ती महाराष्ट्रातील उद्योजक अभय फडके यांची साक्ष. पेटंटच्या अर्जाआधी काही वर्षे, १९८५-८६ च्या सुमारास, निंबोळीच्या अर्काचे प्रयोग प्रत्यक्ष शेतांवर झाले होते, हे त्या साक्षीतून पुढे आले. कोणी, कोठे, केव्हा आणि काय केले, याची उत्तरे जेव्हा समोर ठेवता आली, तेव्हा परंपरेचा दावा उभा राहिला. परंपरेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने यातून एक धडा घ्यावा : वारसा नुसता मिरवायचा नसतो, तो तपासायचा, नोंदवायचा आणि वापरात ठेवायचा असतो.

नुसता नकार पुरत नाही

तपासण्याची ही वृत्ती ठेवली, तर कडुनिंबाच्या मर्यादाही दिसतात. उन्हात त्याची द्रव्ये थोड्याच दिवसांत विघटित होतात. पावसाने ती धुऊन जातात. नवीन पालवी फुटते, तिच्यावर फवाऱ्याचा अंश नसतो. शिवाय काही किडींना नकोशा चवीची सवय होते.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र निराळीच आहे. मादीच्या पोटात अंडी तयार असतात आणि तिचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते. तिला दुसरीकडे जाण्यास जागा असेल, तर ती फवारलेले झाड सोडून तिकडे जाते. संपूर्ण शिवारच फवारलेले असेल आणि पर्याय उरला नसेल, तर ती अखेर नाइलाजाने तेथेच अंडी घालते. प्रयोगशाळेत दोन झाडे ठेवून मिळालेले उत्तम यश शेतात उणे पडते, त्याचे एक कारण हे आहे. नकार प्रभावी ठरण्यासाठी पर्याय द्यावा लागतो.

या विचाराला १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील कपाशीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ‘पुश-पुल’ हे नाव दिले. मराठीत त्याला ‘इकडून ढकला, तिकडे ओढा’ असे म्हणता येईल. मुख्य पिकात मादीला नकोशी वनस्पती लावायची आणि शेताच्या कडेला हवीशी.

या विचाराचे सर्वांत यशस्वी रूप आफ्रिकेत, केनियामध्ये उभे राहिले आणि त्याचा धागा भारताशी जुळलेला आहे. मका आणि ज्वारी यांवरील खोडकिडा, कायलो पार्टेलस, हा मूळचा आपल्या आशिया खंडातला. त्याची मादी पानावर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक अंडी घालते. अळी पोंग्यात आणि तेथून खोडात शिरते. मग पोंगा वाळतो. ही कीड आफ्रिकेत पोहोचली आणि १९३० मध्ये तेथे तिची पहिली नोंद झाली. गरीब शेतकऱ्यांच्या मक्याचा तिने मोठा नाश केला. तिच्यावर उपाय शोधणाऱ्या केनियातील ‘इसिपे’ या आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान केंद्रातील संशोधनाचे नेतृत्व केले, ते भारतात शिकलेल्या झेयाउर खान यांनी. इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संस्थेचे जॉन पिकेट त्यांच्या जोडीला होते.

त्यांनी शेकडो गवते तपासली. शेताच्या कडेला त्यांनी नेपियर, म्हणजे आपले हत्तीगवत लावले. सायंकाळी त्याचा गंध मक्यापेक्षा अधिक दरवळतो आणि मादी तिकडे ओढली जाते. तेथे अंडी फुटून अळ्या खोडात शिरू लागल्या, की त्यातून चिकट रस स्रवतो आणि बहुसंख्य अळ्या वाढूच शकत नाहीत. मक्याच्या ओळींमध्ये त्यांनी आधी मोलॅसिस नावाचे गवत आणि नंतर डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावली. मोलॅसिस गवत जो गंध सोडते, तो किडीने खाल्लेल्या मक्याच्या गंधाशी मिळताजुळता असतो. मादीला त्यातून ‘येथे आधीच गर्दी आहे’ असा निरोप मिळतो. त्याच गंधाने अळीची शत्रू असलेली परोपजीवी माशी मात्र आकर्षित होते. १९९७ मध्ये हे संशोधन ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

डेस्मोडियमने आणखी एक अनपेक्षित लाभ दिला. ज्वारी-मक्याच्या मुळांवर जगणारे स्ट्रायगा नावाचे तण, जे आपल्याकडे टारफुला म्हणून ओळखले जाते, ते या वनस्पतीच्या सान्निध्यात नाहीसे होऊ लागले. हत्तीगवत आणि डेस्मोडियम दोन्ही जनावरांचा चारा असल्याने गोठ्यालाही आधार झाला. पुढे अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत पोहोचली, तेव्हा या पद्धतीच्या सुधारित शेतांत अळ्यांची संख्या निव्वळ मक्याच्या शेतांपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक कमी आढळली. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ही अळी भारतातही दाखल झाली.

विज्ञान येथेही थांबलेले नाही. डेस्मोडियम गंधाने मादीला पळवून लावत नाही, तर आपल्या पानांवरील सूक्ष्म आकड्यांत अळ्या अडकवून मारते, असे प्रतिपादन २०२४ मध्ये एका संशोधक गटाने केले. त्यावर वाद चालू आहे. शेताला लाभ होतो यावर दुमत नाही. तो नेमका कशाने होतो, याची फेरतपासणी होत आहे. अशा तपासणीने खऱ्या ज्ञानाचे काही बिघडत नाही.

आपल्या बांधावर

आपल्याकडेही याच विचाराची उदाहरणे आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावण्याची पद्धत विकसित केली. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो. टोमॅटोच्या चौदा-सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली, की फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या फुलांकडे वळते. आता या दोहोंची सांगड मनात घालून पाहावी : कडेला मोहरी किंवा झेंडू हा पर्याय आणि मुख्य पिकावर निंबोळीच्या अर्काचा नकार. एक ओढतो, दुसरा ढकलतो. मात्र ओढणाऱ्या ओळीवर जमलेल्या अळ्यांचा वेळीच नाश करावा लागतो. नाहीतर आपणच पाळलेली कीड आपल्याच पिकावर परतते.

निंबोळीचा पाच टक्के अर्क घरी करता येतो. पाच किलो निंबोळीची भरड पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून घ्यावी, त्यात सुमारे दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण द्रावण शंभर लिटर करावे आणि त्याच दिवशी सायंकाळी, ऊन उतरल्यावर फवारावे. फवारणी किडीच्या आरंभी, म्हणजे पतंग दिसू लागताच करावयाची असते. बोंडे पोखरली गेल्यावर नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निंबोळी चांगली हवी. जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या झाडाखाली पावसात कुजतात. बुरशी आलेल्या किंवा कडक उन्हात भाजलेल्या निंबोळीत गुण उरत नाही. त्या वेळीच वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून हवेशीर पोत्यात ठेवाव्या लागतात. बाजारातील तयार औषध घ्यावयाचे, तर बाटलीवर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण किती पीपीएम लिहिले आहे, ते पाहूनच घ्यावे. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम नको. फवारताना तोंडाला फडके आणि हातांना मोजे हवेतच.

पेरणीच्या धांदलीत निंबोळ्या वेचण्यास मनुष्यबळ मिळत नाही, ही प्रत्येक गावाची अडचण आहे. तरीही शाळा सुरू होण्याच्या दिवसांत गावातील मुले, महिला बचत गट आणि तरुण मंडळे यांनी आठवडाभर ठरवून हे काम केले, तर एका गावाला पुरेल इतकी निंबोळी जमू शकते. शहरातील कुटुंबांनाही यात वाटा आहे. सोसायटीच्या आवारातील आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली दर पावसाळ्यात पडणारा सडा झाडून कचरापेटीत जातो. तो वेचून, वाळवून आपल्या मूळ गावी पोहोचविणे अशक्य नाही.

म्युनिकमध्ये कडुनिंब परत मिळविण्यासाठी दहा वर्षे झुंज द्यावी लागली. आपल्या दारातल्या झाडाखाली मात्र तो वाकून उचलला की मिळतो. यंदाच्या पाडव्याला गुढीवरची डहाळी बांधताना एवढे स्मरण राहिले आणि आषाढात ओंजळभर निंबोळ्या वेचल्या गेल्या, तर ‘कीड लागत नाही’ हे जुने वाक्य आपल्या शिवारातही खरे ठरू लागेल.